बाळ्याचं नाक

आमच्या घरात कुत्रा नाही. फुफी होती तोवर कुत्र्याला उंबरा ओलांडायची सोय नव्हती. कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं, असा आमच्याकडचा दंडक. पण अंगणाबाहेरच्या कुत्र्यांना रोज भाकरी घालायची ती फुफीच. बाळ्या आणि चांदी तिच्याच भाकरीवर वाढलेली. आता ती दोघं सकाळी वाडीच्या तोंडाशी माझी वाट बघत बसतात आणि आम्ही तिघं सड्यावर जातो. पाऊस असला तरी जातो.

सडा म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचं जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात नुसता चटका. पाऊस सुरू झाला की काळ्या पडलेल्या कातळावर शेवाळ धरतं, खळग्यांत पाणी साठतं, मखमली लाल मृगाचे किडे चालू लागतात. उर्दूत त्यांना बीरबहूटी म्हणतात. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं नावाची इवली निळी-जांभळी फुलं येतात. नाव इतकं हळवं, पण ही वनस्पती मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते!

मी तीस वर्षं कविता लिहितो. त्यांत ‘मातीचा वास’ किती वेळा आला ते मोजलं तर मलाच लाज वाटेल. 2021 च्या मे महिन्यात मला कोविड झाला. बरा झालो, पण वास गेला. जूनमध्ये पाऊस आला. पाणी दिसत होतं, बेडूक ऐकू येत होते, अंग भिजत होतं. पण सगळं काचेपलीकडून बघितल्यासारखं. इतका गरीब मी कधी झालो नव्हतो.

त्या दिवशी बाळ्या एकदम थांबला. आमच्यावर अजून थेंब नव्हता, समोरच्या डोंगरावर सर उतरत होती. त्यानं मान वर केली आणि नाकपुड्या थरथरायला लागल्या. मला जे मिळत नव्हतं ते त्याला मिळालं होतं. मी तिथंच उभा राहिलो. खरं सांगतो, हेवा वाटला.

मग वाचू लागलो. मातीचा वास मातीचा नसतोच. मातीत राहणारे काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. स्प्रिंगटेल नावाचे अगदी बारीक जीव त्या वासानं ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात, असं 2020 मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे मी ज्याच्यावर कविता करत होतो ते मुळात दुसऱ्या कुणाला तरी दिलेलं जेवणाचं आमंत्रण होतं.

आणि हा वास उडतो कसा? सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, सोड्याच्या बाटलीसारखे वर येऊन फुटतात आणि वासाचे कण हवेत उडवतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2015 मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. हलक्या सरीत हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. भुरभुर सुरू झाली की बाळ्या हुंगत चालतो आणि धो-धो लागली की शेपूट घालून माझ्या छत्रीखाली घुसतो, ते मी रोज बघत होतोच.

कुत्र्याचं नाकही निराळं. श्वास आत घेतो समोरून, सोडतो नाकपुडीच्या कडेच्या फटींतून. त्यामुळे बाहेर जाणारी हवा येणाऱ्या वासाला ढकलून देत नाही. पण जिओस्मिनच्या बाबतीत आपलं नाकही काही कमी नाही. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाला कळतात.

माझ्या नाकाचं म्हणाल, तर डॉक्टरांनी रोज ओळखीचे वास हुंगायला सांगितलं होतं. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. मी त्यांत मिट्टी अत्तराची भर घातली. कनौजला भाजलेल्या मातीची खापरं देगेत उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, ते हे अत्तर. चार महिने कुपी उघडून नाकाशी धरायचो. काही नाही.

वास परत आला तो भलत्याच ठिकाणी. बायको बीट चिरत होती आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, “पाऊस आला काय गो?” ती म्हणाली, “डोकं फिरलं काय तुमचं? लख्ख ऊन आहे.” बिटातही जिओस्मिनच असतं, हे मला नंतर कळलं.

आज निम्मा वास आहे, निम्मा नाही. बाळ्याला आता नीटसं दिसत नाही. सड्यावर तो नाकानंच वाट काढतो. एकेका दगडाशी दोन-दोन मिनिटं थांबतो. चांदी कंटाळून पुढे निघून जाते. मी छत्री त्याच्यावर धरून उभा राहतो.