जेवलेले अन्न पोटातच अडून बसते तेव्हा

आमच्या आत्याबाईंना मधुमेह होऊन १८ वर्षे झाली. इन्सुलिनची सुई त्या स्वतःच टोचून घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरात एक विचित्र भांडण सुरू झाले. जेवण व्हायचे, भांडी घासून व्हायची, आणि तासाभरात आत्याबाईंना दरदरून घाम सुटायचा. हातपाय कापायचे, जीभ जड व्हायची. साखर तपासावी तर ५०च्या आसपास. मुलगा म्हणायचा, "आई, खरं सांग, तू जेवलीच नाहीस ना?" आणि पहाटे तपासावी तर तीच साखर ३००च्या वर! मग सुनेला वाटायचे, सासूबाई रात्री उठून गुळाचा डबा उघडतात. एक शेजारीण तर "बाहेरचं काही असेल, दाखवून आणा" इथपर्यंत गेली. आत्याबाई एकदा आम्हाला म्हणाल्या, "बाबा, जेवले तरी उपाशी म्हणतात, आन् उपाशी राहिले तरी चोर म्हणतात."

दवाखान्यात दीड वर्ष त्यांना पित्ताच्या गोळ्या मिळत राहिल्या. दोन घास खाल्ले की पोट भरते, छातीशी गच्च होते, मळमळते, ही तक्रार आपल्याकडे कुणीही ऐकली तरी तोंडून एकच शब्द येतो, ॲसिडिटी. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला. "उलटी होते म्हणता, तर उलटीत दिसतं काय?" आत्याबाई म्हणाल्या, "सकाळी खाल्लेली शेपूची भाजी संध्याकाळी जशीच्या तशी." डॉक्टरांनी लिहिणे थांबवले आणि आधीची सगळी चिठ्ठी पुन्हा वाचली.

जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. त्याच्या भिंतीत काही खास पेशी असतात. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचे नाव त्यांना दिलेले आहे. या पेशी मिनिटाला सुमारे तीन वेळा ठेका देतात. त्या ठेक्यावर जठर आवळते, अन्न घुसळते, त्याची पातळ पेज करते आणि खालच्या दारातून थोडी थोडी आतड्यात सोडते. मेंदूपासून जठरापर्यंत येणारी व्हेगस नावाची लांब नस या कामावर देखरेख ठेवते. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, हे आता घरोघरी माहीत आहे. त्याच रीतीने ही नस आणि ठेका देणाऱ्या पेशीही खराब होतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मग जठर लुळे पडते. वाटेत कुठेही अडथळा नसताना अन्न तासन् तास तिथेच बसून राहते. याला डॉक्टर गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात.

आता आत्याबाईंचे कोडे सुटते. इन्सुलिन घड्याळाप्रमाणे चालते. सुई टोचली की ठरल्या वेळी ते कामाला लागते. पण अन्न जठरातून पुढेच सरकले नाही, तर रक्तात साखर यायची कुठून? म्हणून भरल्या पोटी साखर घसरते. मध्यरात्री अन्न सावकाश खाली उतरते, तोवर इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो, आणि पहाटे साखर चढलेली दिसते. म्हणजे आत्याबाई जेवतही होत्या आणि गुळाच्या डब्याला त्यांचा हातही लागला नव्हता. १९५८ साली कॅसँडर या डॉक्टरांनी मधुमेहींच्या या विकाराला नाव दिले. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच म्हटले होते की, काही तक्रार नसतानाही मधुमेह्याच्या जठरात अन्न साचून राहू शकते. पोटाची कुरकुर नाही, फक्त साखर वेडीवाकडी उड्या मारते, असे असेल तरी जठराकडे बघावे लागते. शिवाय चढलेली साखर जठराला आणखी मंद करते, म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

तरी प्रत्येक मधुमेह्याचे गच्च पोट म्हणजे हा विकार, असे समजू नये. काहींचे जठर उलट फार लवकर रिकामे होते आणि तक्रारी मात्र अशाच असतात. म्हणून तपासणी हवी. आधी दुर्बीण घालून व्रण, गाठ किंवा जठराच्या दाराशी अडथळा नाही ना, हे पाहतात. आपल्याकडे क्षयानेही तिथे अडथळा होऊ शकतो. मग खरी परीक्षा. किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले ठराविक जेवण देतात आणि चार तास यंत्राखाली बघतात. चार तासांनी जठरात १० टक्क्यांहून अधिक अन्न उरले तर जठर मंद आहे असे धरतात. ही सोय मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयांतच मिळते.

मधुमेह नसलेल्यांनाही हा विकार होतो, आणि त्यांची फरफट अधिक, कारण त्यांच्याबाबत ही शंकाच कुणाला येत नाही. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडत नाही. काहींना साध्या जुलाब-तापाच्या विषाणूनंतर सुरू होते. ते बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारते. काहींना जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत व्हेगस नस दुखावल्याने होते. थायरॉइड मंदावल्याने, कंपवातानेही होते. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, उदाहरणार्थ ट्रॅमाडॉल, जठराला झोपवतात. मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी आता सेमाग्लुटाइडसारखी औषधे निघाली आहेत, तीही जठर मंदावतात. ती घेणाऱ्याने शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे. बायकांमध्ये हा विकार अधिक दिसतो. तरुण मुलीला जेवण जात नसेल तर "डाएटिंगचं खूळ" म्हणून घरचे मोकळे होतात. हे आम्ही आमच्याच ओळखीच्या घरी पाहिले आहे.

आत्याबाईंना सगळ्यात अवघड गेले ते खाणे बदलणे. १८ वर्षे त्यांना एकच शिकवण मिळाली होती. चोथा खा, कोशिंबीर खा, पालेभाज्या खा, भात सोडा. आता नेमके उलटे. चोथा आणि तेल-तूप, दोन्ही जठरात रेंगाळतात. चोथ्याचा तर कधी कधी पोटातच गोळा बनतो. त्यामुळे गवार, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस, कच्ची कोशिंबीर बंद. मऊ भात आणि घोटलेले मुगाचे वरण, कुस्करलेला दुधी, वाफवलेला मासा, अंडे, मटणाच्या तुकड्यांऐवजी अगदी बारीक केलेला खिमा. रस्सा असेल तर वरची तर्री काढून. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. घट्ट अन्न जात नसेल त्या दिवशी पातळच, कारण पातळ पदार्थ लुळ्या जठरातूनही बऱ्यापैकी उतरतो. जेवून लगेच आडवे व्हायचे नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सोडायची. मात्र भात वाढला की साखरेचा हिशेब बदलतो. इन्सुलिन किती आणि जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचे. स्वतःच्या मनाने सुई पुढेमागे करणे जिवावर बेतू शकते.

औषधांचे म्हणाल तर मेटोक्लोप्रॅमाइडने जठराला चालना मिळते, पण ते दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्याच्या आणि जिभेच्या न थांबणाऱ्या हालचाली जडू शकतात. म्हणून १२ आठवड्यांच्या पुढे ते टाळतात. डोमपेरिडॉनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. पित्ताच्या गोळीत ते मिसळूनच येते आणि लोक दुकानातून पट्टीच्या पट्टी घेऊन महिनोन् महिने खातात! पट्टीवरचे नाव एकदा वाचून पाहा.

साखर घसरली तर पेढा, बिस्कीट, पोळी देऊ नये. ते जठरातच बसेल. पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज द्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर साध्या साखरेचाही लवकर उपयोग होत नाही, ग्लुकोजच लागते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. रक्ताची उलटी, काळा शौच, पाणीही न टिकणे, झपाट्याने वजन उतरणे, यांत एक दिवसही वाट पाहू नये.

आत्याबाईंच्या उशाशी आता ग्लुकोजचा डबा असतो. उलट्या थांबल्या, साखरेच्या उड्या कमी झाल्या, पूर्ण बरे मात्र वाटत नाही. गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा सून शेपू उकडून, वाटून, गाळून त्याचे सूप करत होती. "चव लागती का याला?" आत्याबाई कुरकुरल्या, आणि वाटी रिकामी करून खाली ठेवली.