उजेड दिसतो, जनुक दिसत नाही

मी सडक अर्जुनीची, नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. गावी गेले की मावशीचा प्रश्न ठरलेला: "सिकलसेलवर औषध निघालं का गं?" पूर्व विदर्भात हा आजार असलेली कितीतरी घरं आहेत.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर त्याचं जनुक मंदावतं. ते पुन्हा जागं झालं तर सिकलसेलचा त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध काही अंशी तेच करतं. आणखी औषधं शोधायची तर हजारो द्रव्यं चाळावी लागतात. म्हणून त्या जनुकाच्या खटक्याला, म्हणजे प्रमोटरला, काजव्याचं जनुक जोडून पेशीत घालतात. खटका दाबला गेला की पेशी ल्युसिफरेज हे एन्झाइम बनवते. त्याला ल्युसिफेरिन, एटीपी आणि ऑक्सिजन मिळाला की उजेड पडतो आणि यंत्र तो मोजतं.

मोजला जातो तो उजेडच, आणि गोम तिथेच आहे.

आमच्याकडे फाल्गुनात पळस फुलतो. समजा, कुणी त्या फुलांचा अर्क तपासायला आणला. पेशी कमीजास्त असल्या तरी हिशेब बिघडू नये म्हणून रेनिला या समुद्री जिवाचं, निळसर उजेड देणारं दुसरं ल्युसिफरेजही घालतात आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागतात. अर्क वेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यात, तसाच राहिला तर त्याचा केशरी रंग निळा उजेड जास्त गिळतो, काजव्याचा पिवळट हिरवा कमी. भाजक घटला, भागाकार वाढला! जनुक मात्र जागचं हललेलं नसतं.

दुसरा चकवा याहून लबाड. पेशीत ल्युसिफरेज काही तासांतच मोडत जातं. एखादं द्रव्य त्याला घट्ट चिकटलं तर एन्झाइमचं काम अडतं, पण मोडणंही थांबतं आणि साठा वाढतो. मोजताना भरपूर ल्युसिफेरिन ओतलं की ती पकड सुटते, उजेड उसळतो. अडवणारं द्रव्यच जनुक चेतवणारं भासतं. अटालुरेन हे औषध काजव्याच्या चाचणीतूनच पुढे आलं होतं. २००९ साली डग्लस ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते थेट ल्युसिफरेजलाच चिकटतं. रेनिलाच्या चाचणीत अटालुरेनचा परिणाम दिसेना. वाद पुढे बरीच वर्षं चालला. द्राक्षातलं रेसव्हेराट्रॉलही ल्युसिफरेज अडवतं.

बाकी चकवे किरकोळ: पांढऱ्या प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड झिरपतो, कडेच्या वेल लवकर सुकतात.

उपाय ठाऊक आहेत. द्रव्य शुद्ध एन्झाइमवर टाकून पाहायचं, मूळ जनुकाचा आरएनए मोजायचा, आणि शेवटी पेशीतलं हिमोग्लोबिनच मोजायचं. हे काम खर्चिक आणि कंटाळवाणं, म्हणून प्रबंधाची मुदत जवळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते.