ओटीपी सांगून बसलो, आता पुढे काय?

नांदेड-लातूरकडे ऑनलाइन खरेदीत कुणी फसलं, की आधी घरच्यांपासून लपवतो. ‘लोक हसतील’ म्हणत दोन दिवस जातात. मित्रहो, या लाजेची किंमत रुपयांत मोजावी लागते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक आपण पाहू. चूक बँकेचीही नाही, आपलीही नाही आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपलं नुकसान शून्य. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले. कळवल्यानंतर गेलेले बँकेचे. म्हणून आधी कार्ड बंद करायला लावू, तक्रार क्रमांक लिहून घेऊ आणि लगेच १९३०ला फोन करू. आणखी एक: परतावा खात्यात यायला ओटीपी लागतच नाही!