पदवीची शाखा निवडताना
भंडारा जिल्ह्यातील धानउत्पादक पालकांसाठी

मृग नक्षत्र लागले की भंडारा जिल्ह्यातील शेतकरी पऱ्हे टाकण्याच्या कामात गढून जातो. त्याच सुमारास बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या महाविद्यालयप्रवेशाची लगबगही घरोघरी सुरू होते. पहिल्या कामात आपला शेतकरी सहसा चुकत नाही. उंचावरील बांधीत पाणी लवकर ओसरते, म्हणून तेथे तो हलके धान घेतो. तलावाच्या पाटाखालील खोलगट बांधीत उशिरा येणारे जड धान लावतो. शेजाऱ्याने अमुक वाण लावले, एवढ्यावरून तो तेच बियाणे घरी आणीत नाही. आधी आपली बांधी पाहतो, मग वाण ठरवितो.

परंतु हाच जाणता शेतकरी मुलाच्या शिक्षणाची शाखा ठरविताना बांधी पाहावयाचे विसरतो. गावातील एकाला अमुक पदवीवर नोकरी मिळाली, तेव्हा आपल्याही मुलाने तीच पदवी घ्यावी, एवढाच विचार पुष्कळ ठिकाणी होतो. धानाचा एक हंगाम बुडाला तर वर्षाचे नुकसान होते. शाखा चुकली तर मुलाची तीनचार वर्षे जातात आणि त्यासाठी विकलेले धान, प्रसंगी गहाण पडलेला दागिना, यांचा मोबदला मिळत नाही. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

खरे पऱ्हे दहावीनंतरच

पहिली गोष्ट ही की, शाखेची निवड बारावीनंतर होते असे आपण मानतो, पण तिची पेरणी दहावीनंतरच झालेली असते. अकरावीत जीवशास्त्र सोडलेल्या मुलास पुढे पशुवैद्यकाकडे जाता येत नाही. त्या प्रवेशासाठी ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते व तीत जीवशास्त्र असतेच. गणित सोडले तर कृषी अभियांत्रिकीची वाट बंद होते. कृषी पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते आणि ती गणित अथवा जीवशास्त्र यांपैकी कोणत्याही गटातून देता येते. या परीक्षांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच कित्येक महिने भरावे लागतात. निकालानंतर विचार करू म्हणणारा पालक रोवणीच्या दिवशी पऱ्हे टाकावयास निघाल्यासारखा होय.

दोन वाटा

दुसरी गोष्ट, पदवीच्या दोन वाटांतील फरक ध्यानात घ्यावा. कृषी महाविद्यालयाच्या चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्यास पीकशास्त्र, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र व विस्तारशिक्षण या सर्वच विषयांची ओळख होते. अखेरच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात शेतकऱ्यांसमवेत काम करावे लागते. एकाच विषयात खोल शिरण्याची निवड प्रायः पदव्युत्तर शिक्षणात करावयाची असते.

कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत मात्र पदवीसाठीच मुख्य विषय निवडावा लागतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयही घेता येतो. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी व चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशा पायऱ्या त्यात आहेत. तेव्हा वनस्पतिशास्त्रास रसायनशास्त्राची किंवा अर्थशास्त्रास संख्याशास्त्राची जोड देता येईल काय, हे महाविद्यालयात जाऊन विचारावे. प्रत्येक महाविद्यालयात सर्व जोड्या उपलब्ध असतातच असे नाही.

आपल्या जिल्ह्याचे प्रश्न आणि त्यांची शास्त्रे

शाखांची नावे ऐकून अर्थबोध होत नाही. तो आपल्या शिवारातील प्रश्नांवरून सहज होतो. धानावर गादमाशी व तुडतुडे पडतात. त्यांचे जीवनचक्र अभ्यासणारे ते कीटकशास्त्र. कोहळी पूर्वजांनी बांधलेले तलाव गाळाने भरत आहेत. बांध, सांडवा व पाट यांचा हिशेब करणारी ती मृद व जलसंधारण अभियांत्रिकी. त्याच तलावांवर ढिवर बांधवांचे पोट आहे. मत्स्यबीज व पाण्यातील वनस्पती यांचे ज्ञान मत्स्यविज्ञानात मिळते. गिरणीत तांदळाचा तुकडा का पडतो, कोंड्यापासून तेल कसे निघते, हे अन्नतंत्रज्ञान शिकविते. ऐन व अर्जुनाच्या झाडांवरील कोशापासून निघणारे टसर हा आपल्या जिल्ह्याचा जुना व्यवसाय; त्याच्या मुळाशी प्राणिशास्त्र व वनशास्त्र आहे.

या शास्त्रांच्या शिक्षणाची सोय विदर्भातच आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 1969 मध्ये स्थापन झाले. नागपूरचे कृषी महाविद्यालय त्याहून पुष्कळ जुने आहे. पशुवैद्यक व मत्स्यविज्ञान यांसाठी नागपुरातच स्वतंत्र विद्यापीठ आहे. साकोली येथे कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. मुलाला एक दिवस तेथे नेऊन धानाच्या चाचण्या दाखवाव्यात. ज्या कामापाशी तो घटकाभर अधिक रेंगाळेल, तिकडे त्याचा कल आहे असे समजावे.

कल म्हणजे काय?

कल किती मोलाचा असतो, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे कै. दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतच झाले होते. ‘पटेल 3’ या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या राखल्या, पुनःपुन्हा लावून पाहिल्या आणि 1983 च्या सुमारास त्यांतून ‘एचएमटी’ हे बारीक दाण्याचे वाण उभे राहिले. पुढे 1998 मध्ये कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावर काम करून ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. दादाजींपाशी पाहणारी नजर होती, परंतु शास्त्राचे शिक्षण घेण्याची संधी त्यांना मिळाली नाही. आज आपल्या घरात अशी नजर असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला वनस्पतिप्रजननशास्त्राची वाट मोकळी करून देणे हे आपले कर्तव्य ठरते.

शेतीबाहेरचे विषयही शेतीचेच

शेतकऱ्याच्या मुलाने शेतकीच शिकावी असा मात्र आग्रह नको. ज्यांचे नाव अकोल्याच्या विद्यापीठास दिले आहे, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी विलायतेत वेदवाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिला व ते बॅरिस्टर झाले. पुढे 1952 ते 1962 या काळात त्यांनी केंद्र शासनात शेतीखाते सांभाळले. 1954 मध्ये आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. 1918 मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा निव्वळ लहान असल्यामुळे तोट्यात जात नाही. त्यास भांडवल व अवजारे यांची जोड किती मिळते हे पाहिले पाहिजे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. मन लावून शिकलेला विषय कोणताही असो, तो शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो. मन न लावता घेतलेली कृषी पदवीही शेतीला उपयोगी पडत नाही.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

1. या शाखेच्या पहिल्या व शेवटच्या वर्षाचे विषय मुलाने स्वतः वाचले आहेत काय?
2. बारावीत कोणता विषय तो कोणी न सांगता अभ्यासीत असे?
3. महाविद्यालय शासकीय, अनुदानित की विनाअनुदानित? शुल्क, वसतिगृह व प्रवास मिळून चार वर्षांचा खर्च किती होईल?
4. मनाजोगती नोकरी न मिळाल्यास या ज्ञानावर गावात काय करता येईल?
5. ही निवड मुलाची आहे, की आपली?

खर्चाच्या भीतीने मुलीचे नाव मागे ठेवू नये. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये घेतला आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. उत्पन्नाचे व इतर दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवावेत.

शेतकरी बंधुभगिनींनो, कोवळे पऱ्हे योग्य वेळी योग्य बांधीत रोवले तर त्यास चांगले फुटवे येतात. उशीर झाला किंवा बांधी चुकली तर तेच रोप खुजे राहते. रोप तेच, खतही तेच. यंदा वाण निवडण्यास जेवढे दिवस द्याल, तेवढे दिवस मुलाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकण्यासही द्यावेत, एवढीच विनंती.