थंडी उताराने वाहते

बीड जिल्ह्यातील कपिलधारला कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास मन्मथस्वामींची यात्रा भरते. यात्रा उलगली की बालाघाटच्या डोंगरांत थंडी उतरू लागते. 'उतरते' हे अगदी अक्षरशः खरे आहे! आकाश निरभ्र असले की रात्री जमीन आपली उष्णता प्रारणाने गमावते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खोलगट जागी जाऊन साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीकधी दव गोठते, पण उंचावरच्या बाजारपेठेत पारा काही अंश वरच असतो, तो यामुळेच.

मग डोंगराच्या कुशीतल्या परसात पपईचे कोवळे रोप कसे जगवायचे? दिवसा पाणी द्या. कोरड्या मातीपेक्षा पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे पाचपट असते. ओली माती उन्हाची ऊब साठवते आणि रात्री सावकाश सोडते. रोपावर गोणपाटाचे छप्पर घाला, पूर्वेकडून मात्र उघडे ठेवा. कडब्याचे आच्छादन मुळांना ऊब देते खरे, पण जमिनीची उष्णता वर येऊ देत नाही. शेंडा उलट अधिक गारठतो! तेव्हा नुसत्या आच्छादनावर विसंबू नका.

कुंड्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीशी, वळचणीखाली हलवा. दुपारभर तापलेली दगडी भिंत रात्री शेगडीचे काम करते आणि वळचण वरचे आकाश झाकते. सूर्य मावळल्यावर तासाभराने भिंतीला हात लावून पाहा. मग तोच हात अंगणातल्या पत्र्याला लावा.