सुधारककार गोपाळ गणेश आगरकर

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या पारोळ्यासारख्या गांवीं गरिबीशीं झगडत शिकणाऱ्या मुलांनीं आगरकरांचें चरित्र अवश्य वाचावें.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं झाला. घरची स्थिति हलाखीची. म्हणून विद्येसाठीं त्यांस कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असें भटकावें लागलें. पुण्यास डेक्कन कॉलेजांत असतां एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं तोच ते घालीत, असें सांगतात. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरूं नये, पोटापुरत्या वेतनावर आपण लोकहितार्थ झटणार, असें त्यांनीं आईस पत्रानें कळविलें.

१८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं त्यांनीं टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. पुढें राजकीय सुधारणा आधीं कीं सामाजिक, यावरून दोघांत मतभेद झाला. तेव्हां 'केसरी' सोडून आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला. बालविवाह व विधवांचें केशवपन यांवर त्यांनीं कडाडून टीका केली. मुलींस मुलांप्रमाणेंच शिक्षण द्यावें, असें प्रतिपादिलें. रूढि जुनी म्हणून खरी नव्हे, बुद्धीस पटेल तेंच आचरावें, ही त्यांची कसोटी. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. त्या वादांत ते कायद्याच्या बाजूनें उभे राहिले. चिडलेल्या विरोधकांनीं तर त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढली!

ईश्वराविषयीं आगरकर अज्ञेयवादी होते. मग श्रद्धेच्या पायावर उभ्या असलेल्या शाळेच्या अंकांत त्यांचें चरित्र कशाला, असें कोणी पालक विचारतील. परलोकींच्या फळाची आशा नसतांही ज्यानें दुबळ्यांसाठीं अपमान सोसला, त्याच्यापासून श्रद्धावंतानें अधिकच शिकावें, हेंच त्याचें उत्तर.

फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतांनाच, दम्यानें जर्जर होऊन, १७ जून १८९५ रोजीं अवघ्या ३८ व्या वर्षीं ते वारले. 'केसरी'नें त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला; तो टिळकांच्याच लेखणींतून उतरला होता.

आज कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय १८ आहे. तरीही चांगलें स्थळ आलें म्हणून मुलीची शाळा सोडविण्याचा मोह अनेक घरीं होतो. पालकहो, तो आवरणें हेंच आगरकरांचें खरें स्मारक होय.