एका थेंबाची साक्ष

जलतरंग वाजविणारा कलावंत वाट्यांत थोडें थोडें पाणी घालून सूर जुळवितो, हें आपण पाहिलें असेल. पाणी वाढलें कीं सूर उतरतो. म्हणजे वाटींत न डोकावतांही नुसत्या सुरावरून जाणत्या कानाला आंतील पाण्याचा अंदाज येतो. याच तत्त्वावर द्रवाच्या एका थेंबाची परीक्षा करणारें साधन आज संशोधनशाळांत घडविलें जात आहे.

येथें वाटीच्या जागीं तांब्याचें चिमुकलें कडें असतें व त्यास एके ठिकाणीं बारीक फट असते. इंग्लंडांतील जॉन पेंड्री व त्यांचे सहकारी यांच्या १९९९ सालच्या लेखामुळें अशीं कडीं विशेष प्रसिद्धीस आलीं. काडीचें काम सूक्ष्मतरंग करितात. या विद्युत्-लहरींची लांबी ३० सेंटिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत असते. १८९५ सालीं कलकत्त्यांत जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच लहरींनीं भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती.

कड्याचा स्वतःचा एक सूर असतो. सेकंदास दोन-तीनशें कोटी कंपनें, असें समजा. त्या सुरांत विद्युत्-शक्ति फटीपाशीं एकवटते. त्याच फटीवरून केंसासारखी बारीक नळी नेलेली असते, व तींतून द्रव वाहतो. पाण्याच्या रेणूचें एक टोक धन व दुसरें ऋण असल्यामुळें तो विद्युत्-क्षेत्राबरोबर वळूं पाहतो. या गुणाच्या मापास डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. तो २५ अंश सेल्सिअसवर पाण्याचा सुमारें ७८, तर खाद्यतेलांचा अवघा ३ च्या आसपास असतो. अंक जितका मोठा, तितका कड्याचा सूर खालीं येतो. शिवाय द्रव लहरींची शक्ति शोषून घेतो, त्यामुळें सूर बोथटही होतो. सूर किती उतरला व किती बोथट झाला, या दोन गोष्टींवरून द्रवाची पारख होते.

या परीक्षेंत द्रवास धातूचा स्पर्श होत नाहीं, रंग मिसळावा लागत नाहीं, व थेंब खर्चीही पडत नाहीं. नवजात बालकाच्या टाचेंतून रक्त घ्यावें लागतें, तेव्हां एकेक थेंब किती मोलाचा, हें त्याची माताच जाणे!

परंतु एक सावधगिरी हवी. पाणी तापलें कीं त्याचा अंक उतरतो. ० अंशावर तो सुमारें ८८, तर १०० अंशावर ५६ च्या जवळपास असतो. पाण्यांत मद्यार्क मिसळला तरी अंक उतरतो, व साखर विरघळविली तरीही उतरतोच. अर्थात् ‘फरक पडला’ एवढेंच कडें सांगतें. तो कशानें पडला, हें तें आपण होऊन सांगत नाहीं. म्हणून उष्णमान स्थिर राखावें लागतें, आणि अज्ञात द्रवापूर्वीं ज्ञात द्रवांची मापें घेऊन ठेवावीं लागतात.

प्रयोगशाळेंत आरंभींचें माप न घेतांच उत्तर लिहिण्याची घाई करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें. त्या उत्तरावर उद्यां एखाद्या रुग्णाचें औषध ठरावयाचें असेल. यंत्र खोटें बोलत नाहीं. पण त्यास नीट प्रश्न विचारणें हें मनुष्याचेंच काम आहे.